अनुभव धागा: आकाशातला आकडा तुमच्या अंगावर कधी आला?

दीपमाळ (धागाकर्ती)

सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर, ग्रह आठ (आमच्या वेळी नऊ). एका मार्काचे प्रश्न होते हे. लिहिले, मार्क मिळाले, विसरलो. परवा लेकीचा अभ्यास घेताना तीच वाक्यं पुन्हा वाचली आणि वाटलं, इथे विचारून बघावं. हे आकडे कधी तरी खरोखर जाणवलेत का कुणाला? कुठे होतात तेव्हा, काय बघत होतात?

माझ्यापासून सुरुवात करते. २१ डिसेंबर २०२०, गुरू-शनीची युती. कोरोनाचे दिवस, डोंबिवलीत आमच्या गच्चीवर सगळे मास्क लावून लांब लांब उभे. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ग्रह जवळजवळ चिकटलेले. चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढंच अंतर होतं त्यांच्यात. सासऱ्यांच्या जुन्या दुर्बिणीतून बघताना ते म्हणाले, "हा गुरू पाऊण तासापूर्वीचा आणि हा शनी दीड तासापूर्वीचा. त्यांचा उजेड इथवर यायला तेवढा वेळ लागतो." शेजारी शेजारी दिसत होते, मध्ये ७० कोटी किलोमीटरहून जास्त मोकळी जागा होती. तेव्हापासून आभाळ मला सपाट दिसेनासंच झालं.

एक विनंती. कुंडली, साडेसाती आणि उडत्या तबकड्या यांच्यासाठी वेगळा धागा काढा, प्लीज.

चोपडीवाला

मी सीए आहे. कोटी-अब्ज रोज बघतो, त्यामुळे आकड्यांनी अंगावर काटा वगैरे येत नाही. पण एका कंटाळवाण्या ऑडिटमध्ये कॅल्क्युलेटर हातात होता म्हणून गंमत केली. समजा ताशी ९०० किलोमीटरने जाणारं आपलं नेहमीचं प्रवासी विमान सूर्याकडे निघालं. १९ वर्षं लागतात. ठीक, मुलगा बारावी होऊन वर वर्ष गेलं असतं. नेपच्यूनपर्यंत? ५७० वर्षं. म्हणजे आज तिथे उतरायचं तर विमान बहमनी राजवटीत सुटायला हवं होतं, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पावणेदोनशे वर्षं आधी.

मग सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा हिशोब केला. ५० लाख वर्षं. दोनदा तपासला, शून्य कुठे जास्त पडलं का म्हणून. नव्हतं पडलं. कॅल्क्युलेटर बंद केला आणि क्लायंटची व्हाउचरं काढली.

दीपमाळ

@चोपडीवाला, काटा येत नाही म्हणे!

कांदा_लसूण

आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. जानेवारीत रात्रपाळीला कांद्याला दारं धरायचं म्हणजे हाडं गोठतात. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढायची, पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडायचं. मधल्या वेळात काम नसतं. मोबाईल ओला होतो म्हणून झोपडीत ठेवतो. मग वर बघायचं.

वडील तिकांड्यावर वेळ सांगायचे. ते तीन तारे डोक्यावरनं कलले की मध्यरात्र टळली, बुडायला आले की कोंबडं आरवायला अजून अवकाश आहे. मीपण तसंच बघतो. एकदा बांधावर पाय पसरून बसलो होतो, नजर तिकांड्यावर आणि खाली बाभळीचा शेंडा. तिकांडं शेंड्याला टेकलं, मग मागं गेलं. तेव्हा एकदम असं झालं की ते नाही खाली जात, हा बांधच मला घेऊन मागं कलतोय. खरं सांगतो, हातानं गवत धरलं.

पोराला विचारलं तर त्यानं हिशोब करून दिला. आपल्या पट्ट्यात जमीन ताशी दीड हजार किलोमीटरच्या वर फिरते. आणि सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर, ते वेगळंच. म्हणजे एक वाफा भरेपर्यंत मी हजारो किलोमीटर जाऊन आलो. जाऊन आलो कसलं, गेलोच. परत तिथं कोण येतंय.

अर्धवट_झोप

@कांदा_लसूण, गवत धरलंत हे वाचून हसले आणि मग विचारात पडले.

माझा अनुभव उलटा आहे, लांबचा नाही, जवळचा. नाईट ड्यूटीला जाताना बसस्टॉपवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना बघितलं. लखलखीत, न लुकलुकणारं, चारपाच मिनिटांत या टोकाकडून त्या टोकाला, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरलं तसं विझलं. माणसं आहेत त्यात, एवढंच मनात. नंतर वाचलं की ते साधारण ४०० किलोमीटर उंचीवर असतं. मुंबई ते कोल्हापूर! आमचं माहेर तिथे आहे, लाल डब्यानं जातो आम्ही. "अंतराळात गेले" म्हणतो ते एवढंच? चंद्र त्याच्या जवळपास हजारपट लांब. म्हणजे बातम्यांतले बहुतेक अंतराळवीर अजून अंगणातच आहेत की.

दर्यावर्दी

मूळ दाभोळचा, मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. रात्री बारा ते चारची वॉच माझी. जीपीएस आलं तरी सेक्स्टंट (ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचं उपकरण) ठेवतो आम्ही आणि संधिप्रकाशात कधी कधी त्यानं तारे मोजतो, हातची सवय जाऊ नये म्हणून. अगस्त्य माझा लाडका, कारण चटकन सापडतो.

दक्षिण हिंदी महासागरात, विषुववृत्त ओलांडून बरंच खाली गेलं की रात्र वेगळी होते. ब्रिजवर दिवे बंद असतात, डोळ्यांना अंधार सरावलेला असतो, आणि शेकडो मैलांत दुसरा दिवा नाही. आकाशगंगेचा मधला फुगीर भाग डोक्यावर येतो आणि तिच्यातल्या काळ्या फटीसुद्धा दिसतात, धुळीच्या ढगांमुळे पडलेल्या. पहिल्या फेरीत वॉचवरच्या फिलिपिनो खलाशानं दोन पुसट पांढुरके ठिपके दाखवले. ढगासारखे, पण वाऱ्यानं हलत नव्हते. मॅगेलनचे मेघ. दोन्ही स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आपल्या आकाशगंगेच्या शेजारणी. मोठा मेघ सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे प्रकाशाला तिथून यायला तेवढी वर्षं लागतात. १९८७ साली त्यात एका ताऱ्याचा स्फोट झाला आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसला. स्फोट झाला तेव्हाची माणसं कोण होती बघा! आफ्रिकेत आपली जात नुकती कुठे उभी राहिली होती. त्या माणसांच्या वेळी निघालेला उजेड आमच्या वडिलांच्या पिढीत पोचला.

हे मेघ महाराष्ट्रातून नीट सापडत नाहीत. पण मे महिन्यात रात्री कोकणात किनाऱ्यावर गेलात तर दक्षिणेला अगदी खाली, क्षितिजाच्या जरा वर त्रिशंकू बघा. त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे, त्यातला जास्त तेजस्वी तो मित्र. ४.४ प्रकाशवर्षं. @चोपडीवाला, तुमचं ५० लाख वर्षांचं विमान जाणार ते याच घराण्यात. सर्वात जवळचा तारा याचाच धाकटा भाऊ, पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

चोपडीवाला

तिकीट रिफंडेबल आहे का?

शाळामास्तर

माणदेशातल्या झेडपी शाळेत शिकवतो. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एका ओळीत खेटून बसलेले असतात, त्याचा मला राग आहे. म्हणून दर डिसेंबरात आम्ही रस्त्यावर सूर्यमाला मांडतो. प्रमाण सोपं: १ मिलिमीटर म्हणजे १००० किलोमीटर.

सूर्य १ मीटर ४० सेंटिमीटरचा. बांबूच्या कामट्या आणि पिवळा कागद, दिवाळीतला मोठा आकाशकंदीलच म्हणा. तो शाळेच्या फाटकावर टांगतो. पृथ्वी म्हणजे गोटी, १५० मीटरवर, किराणा दुकानासमोर. चंद्र ज्वारीचा दाणा, गोटीपासून ३८ सेंटिमीटर लांब. माणूस जास्तीत जास्त जिथवर पोचला ते अंतर हे. पोरं वीत लावून मोजतात आणि माझ्याकडे बघतात, सर फसवतायत की काय अशा नजरेनं. गुरू १४ सेंटिमीटरचा, पाऊण किलोमीटरच्या पुढे. तिथपर्यंत वर्ग सोबत असतो. शनी जवळजवळ दीड किलोमीटरवर, तिथे निम्मे गळतात. नेपच्यून घेऊन एक मुलगा सायकलवर जातो, साडेचार किलोमीटर, पुढच्या गावच्या एसटी थांब्यापर्यंत. आमचा रस्ता सरळसोट, झाड नाही झुडूप नाही, म्हणून हे जमतं. मी मोटारसायकलवरून मागे जातो. तिथून वळून बघितलं तर आमचा कंदील पिवळा टिपका झालेला असतो, तोही डोळे बारीक केल्यावर. खऱ्या नेपच्यूनवरून सूर्य एवढाच दिसेल, कारण प्रमाण तेच आहे.

एके वर्षी सातवीतल्या मुलीनं विचारलं, "सर, मग पुढचा तारा कोणत्या गावाला टांगायचा?" फळ्यावर हिशोब केला. ४० हजार किलोमीटर. नकाशात बोट फिरवत बसलो आणि लक्षात आलं, हा तर पृथ्वीचा परिघ. सरळ निघून अख्ख्या जगाला वळसा घालून पुन्हा आपल्याच फाटकावर यायचं, तेव्हा दुसरा कंदील. ती म्हणाली, "आणि मधी कायच नाय?" धूमकेतूंचे बर्फाळ गोळे आहेत म्हणालो, पण या मापात ते धुळीहून बारीक. तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

वऱ्हाडी_ठेचा

तुम्ही लोक वर जाऊन बघून राहिले, आमच्याकडे वरूनच खाली आलं ना भाऊ!

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या आसपास अंगणात बसलो होतो. उत्तर बाजूनं आगीचे गोळे, शेपट्यांसकट, एकामागे एक. उल्का असती तर क्षणात गेली असती. हे निवांत चाललं होतं, मोबाईल काढून शूटिंग करण्याएवढं निवांत. कुणी म्हणे विमान पेटलं, कुणी म्हणे मिसाईल. आमच्या आजीनं हात जोडले. रात्री बातमी आली, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं भलं मोठं कडं पडलं. गोल, माणसाहून मोठं. पुढच्या दिवसांत आजूबाजूला धातूचे गोळेही सापडले. जाणकारांनी सांगितलं, चिनी रॉकेटचा तुकडा असावा. नशीब, कुणाच्या डोक्यावर नाही पडलं.

माझी गोष्ट अशी की मी ते कडं बघायला गेलो होतो. पोलीस ठाण्यात ठेवलं होतं, बघ्यांची जत्रा. जळकं, काळपट, एका ठिकाणी वाकलेलं. जी वस्तू पृथ्वीला तासादीडतासात फेरी मारत होती ती खुर्चीतल्या हवालदाराच्या मागे भिंतीला टेकून उभी. तोवर आकाश म्हणजे मले टीव्हीतली गोष्ट वाटे.

फोंडेकर

गोव्यातून लिहितोय. आमच्या फोंडा तालुक्यातलं केरी गाव, तिथल्या गायिका केसरबाई केरकर. घरात आजोबांमुळे त्यांचं नाव देवासारखं घेतलं जाई. नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, हे मला कॉलेजात कळलं. साडेतीन मिनिटांची. त्याच तबकडीवर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे.

व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवस. आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "भैरवी झाली म्हणजे मैफल संपली की." त्यांना दुःख झालं की अभिमान वाटला, मला अजून कळलेलं नाही.

यान आता अडीच हजार कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि सेकंदाला १७ किलोमीटरने लांब जातंय. त्याचा संदेश यायला जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. आज दुपारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर परवा दुपारच्या सुमारास. आणि तरी ते सूर्याच्या घरातून पुरतं बाहेर पडलेलं नाही, कारण धूमकेतूंचा तो बाहेरचा गोल पार करायला त्याला हजारो वर्षं लागणार. कुणा ताऱ्याच्या थोडंफार जवळून जाईल ते ४० हजार वर्षांनी, तेही दीड प्रकाशवर्षाहून जास्त अंतर राखून. ध्वनिमुद्रणाला फारशा तयार नसलेल्या बाईंचा सूर एवढ्या लांब गेला, याचं मला हसू येतं.

शाळामास्तर

@फोंडेकर, आमच्या रस्त्याच्या मापात तुमचं व्हॉयेजर शाळेपासून २५ किलोमीटरवर. म्हणजे तालुक्याच्या गावाला. ४८ वर्षांत.

डॅलसकर

८ एप्रिल २०२४. खग्रास पट्टा नेमका आमच्या शहरावरून. आई नाशिकहून आली होती. तिनं वेध पाळले, दुधात-लोणच्यात तुळशीपत्रं घातली आणि जाहीर केलं की ती बाहेर येणार नाही. १९८० साली सोलापुरात असताना फेब्रुवारीतल्या ग्रहणाला रस्ते कसे ओस पडले होते, ते तिनं नातवंडांना पुन्हा सांगितलं. तेव्हा ती दार लावून पलंगावर बसली होती म्हणे.

सकाळभर ढग. मी चार वेळा हवामान बघून वैतागलो होतो. दीडनंतर फटी पडू लागल्या. चष्म्यातून कोर बारीक होत गेली, उजेड विचित्र झाला, संध्याकाळचा नव्हे, पांढरट, सावल्या धारदार. आणि मग झटक्यात अंधार. पावणेचार मिनिटांच्या आसपास. सूर्याच्या जागी काळी चकती, भोवती रुपेरी प्रभामंडल, काठाशी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या लालसर ज्वाळा. त्यातली एक ठिपक्याएवढी ज्वाळाही पृथ्वीहून मोठी. शुक्र लखलखत होता. मागे वळलो तर आई अंगणात उभी, पदर डोक्यावर, चष्मा न लावता. सूर्य पूर्ण झाकलेला असताना तसं बघितलेलं चालतं, फक्त त्याच वेळी. ती काही बोलली नाही, मीही नाही.

सूर्य चंद्राच्या ४०० पट मोठा आणि ४०० पट लांब, म्हणून झाकण बरोबर बसतं. चंद्र दरवर्षी पावणेचार सेंटिमीटर दूर सरकतोय, म्हणजे हे कायमचं नाही. डायनासोरांच्या काळात तो जवळ होता, खूप पुढे सगळी ग्रहणं कंकणाकृतीच होतील. आपण बरोबर मधल्या काळात जन्मलो. संध्याकाळी आईनं अंघोळ केली, मग म्हणाली, "१९८०ला दार उघडायला हवं होतं."

भिंगघाश्या

दुर्बिणीचा आरसा घासलाय का कुणी? सहा इंची काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. एका पिंपाभोवती गोल फिरत वरची काच खालच्या काचेवर घासत राहायचं. वरची आपोआप खोलगट होते. पूड बारीक बारीक करत जायची, शेवटी डांबरासारख्या पिचवर सिरियम ऑक्साईडनं पॉलिश. बायको म्हणायची, घरात मसाला कुटायला कधी एवढा वेळ दिला नाहीस. पृष्ठभागाची चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाहून कमी हवी, म्हणजे मिलिमीटरच्या हजारो भागांपैकी एखादा. हे कुठलंही यंत्र न लावता, पुण्यातल्या बाल्कनीत, हातानं होतं. मला या धाग्यावरच्या सगळ्या प्रचंड आकड्यांपेक्षा हा बारीक आकडा जास्त चक्रावतो.

पहिला बघितला शनी. सोसायटीचे वॉचमनकाका गच्चीचं कुलूप लावायला आले होते, त्यांनाही दाखवला. बराच वेळ डोळा काढेनात. मग विचारलं, "हा आत्ताचा का?" इतकी वर्षं लोकांना आकाश दाखवतोय, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. सांगितलं, सव्वा तासापूर्वीचा. काका म्हणाले, "मग आता तिथं असेल कशावरून?"

कडी २ लाख ८० हजार किलोमीटर रुंद, जाडी बहुतेक ठिकाणी दहावीस मीटरच, आमच्या सोसायटीच्या इमारतीएवढी. २०२५च्या नोव्हेंबरात ती आपल्याकडे जवळजवळ आडवी कडेने होती, दुर्बिणीतून नुसती रेघ. आता वर्षागणिक पुन्हा उघडत जातील. ज्यांनी बघितली नाहीत त्यांनी बघून घ्या.

नारायणगावकर

टोमॅटो, द्राक्षं आणि तमाशाच्या राहुट्या एवढीच आमच्या गावची ओळख असायची. खोडदच्या रेडिओ दुर्बिणी (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या) शेताशेतांतून लहानपणापासून दिसतात. तीस अँटेना, एकेक ४५ मीटर व्यासाची. चौदा मध्यभागी दाटीनं, बाकीच्या तीन फाट्यांवर २५ किलोमीटरच्या परिसरात. आम्हाला त्या पावसाळी ढगांइतक्याच परिचयाच्या. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आत जाता येतं. मोबाईल बंद करायला लावतात, कारण आपला फोन त्यांच्यासाठी कानाशी वाजणारा ढोल.

तिथे एकदा कळलं की या अँटेनांनी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत पकडला, जो ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वानं तो मोठा झाला म्हणून सापडला. पृथ्वीचं वय साधारण ४५० कोटी. म्हणजे संकेत जवळजवळ निम्म्या वाटेवर आला तेव्हा इथे जमीनच तयार होत होती. नारायणगाव सोडा, सूर्यही नव्हता तो निघाला तेव्हा. आणि तो येऊन पडला आमच्या चुलत्यांच्या टोमॅटोच्या बांधाला लागून असलेल्या जाळीत. चुलत्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला काय भाव मिळतो?"

दीपमाळ

@नारायणगावकर, चुलत्यांना माझा नमस्कार!

@डॅलसकर, आईंचं वाक्य मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. भारतातून पुढचं खग्रास कधी, असं ते विचारतायत.

डॅलसकर

२० मार्च २०३४. पट्टा काश्मीर-लडाखच्या भागातून जातो, थंडी असणार. त्याआधी २ ऑगस्ट २०२७ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांच्या वर. महाराष्ट्रातून त्या दिवशी खंडग्रास आहे, पण ऑगस्ट म्हणजे ढग.

भिंगघाश्या

लक्सरला ऑगस्टात चाळिशीच्या वर तापमान, पण ढग जवळपास नाहीच. आमच्या ग्रुपचं ठरतंय. विमान नेहमीचंच, @चोपडीवाला, ५० लाख वर्षं लागणार नाहीत.

चोपडीवाला

नाव लिहून घ्या. दोन तिकिटं, आणि जीएसटीचं बिल पाहिजे.